दारूचा परवाना आणि गावाचे मत

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातील एखाद्या गावात दारूचे दुकान येणार अशी कुणकुण लागली की, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सरकारने परवाना दिला, आता आपण काय करणार?" प्रस्तुत लेख या प्रश्नासाठी आहे. परवाना सरकार देते हे खरे. परंतु तो देताना आणि दिल्यानंतरही गावाला विचारण्याची सोय कायद्यात आहे. ती पुरेशी ठाऊक नसल्यामुळे पुष्कळदा गावे हात चोळत बसतात.

आपल्या राज्याचा दारूविषयक मूळ कायदा १९४९ चा, तोही दारूबंदीचा. पुढे बंदी सैल झाली, दुकाने आली, बार आले. कायद्याचे नाव मात्र आजही दारूबंदी कायदा असेच आहे. दारू बाळगणे, विकणे, पिणे हे सारे तत्त्वतः मना, आणि परवाना असेल तर मुभा, अशी त्याची रचना आहे. हॉटेलच्या पाटीवर दिसणारा 'परमिट रूम' हा शब्द याच रचनेतून आला. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना, वर्षाचा शंभर रुपयांना आणि आजीवन हजार रुपयांना, असे त्याचे दर वर्षानुवर्षे चालत आले आहेत. बिअर व वाइन यांसाठी वयाची २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. (मिस्साविधीत लागणाऱ्या द्राक्षारसाचीही या कायद्याला स्वतंत्र सोय करावी लागली, यावरून त्याची व्याप्ती ध्यानात यावी. कडक बंदीच्या काळात मुंबईत 'आंटीचे गुत्ते' फोफावले आणि त्यातल्या कितीतरी आंटी आपल्याच समाजातल्या होत्या, हेही आपण विसरू नये.)

परवान्यांचे प्रकार अनेक आहेत. देशी दारूचे दुकान, विदेशी मद्याचे किरकोळ दुकान म्हणजे बोलीभाषेतले 'वाइन शॉप', बिअर शॉपी आणि बसून पिण्याची परमिट रूम, हे त्यांतले नित्य दिसणारे. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे जातो. रायगडकरांसाठी ते कार्यालय अलिबागला आहे. जागेची पाहणी होते, पोलिसांचा अहवाल मागवला जातो, इमारत कायदेशीर आहे का, खाद्यगृहाचा परवाना आहे का हे तपासले जाते. शाळा, प्रार्थनास्थळ आणि एसटी स्थानक यांपासून ठरावीक अंतर राखावे लागते. ग्रामीण भागात ग्रामसभेच्या ठरावाचा प्रश्न येतो तो इथेच. त्यानंतर कागद जिल्हाधिकाऱ्यांसमोर जातात. परवान्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे धरतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. देशी दारूची व विदेशी मद्याची नवी किरकोळ दुकाने मंजूर करणे शासनाने १९७० च्या दशकातच थांबवले. तेव्हा गावात जे 'नवे' दुकान येते, ते बहुधा दुसरीकडचा जुना परवाना स्थलांतरित होऊन येते. हे स्थलांतर मोठ्या प्रमाणावर घडवले ते महामार्गाच्या प्रकरणाने. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. ३१ मार्च २०१७ च्या आदेशाने, वीस हजार वा त्याहून कमी लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत हे अंतर २२० मीटर झाले. मुंबई-गोवा महामार्ग महाड व पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतून जातो, हे आपण जाणताच. न्यायालयाचा हेतू उदात्त होता. मद्यधुंद चालकांनी घेतलेले बळी डोळ्यांसमोर होते. परंतु महामार्गावरून हटवलेला परवाना नाहीसा होत नाही, तो आत सरकण्यासाठी जागा शोधतो. राज्यात ठिकठिकाणी लोकवस्तीत दुकाने येण्याला विरोध झाला तो यामुळेच. पुढे ११ जुलै २०१७ रोजी नगरपालिका क्षेत्रांना ही मनाई लागू नाही असे स्पष्ट झाले, आणि २०१८ मध्ये शहरालगतच्या ग्रामपंचायत हद्दींविषयी ठरवण्याची मुभा राज्यांना मिळाली. शहराला सवलत आधी मिळाली, खेड्याचा विचार मागाहून झाला. हा क्रम मला आजही खटकतो.

आता लग्नसमारंभ आणि करमणूक यांविषयी थोडे. सभागृहात वा मांडवात मद्य द्यायचे असल्यास एका दिवसाचा तात्पुरता परवाना उत्पादन शुल्क विभागाकडून घ्यावा लागतो. 'घरचेच कार्य आहे' ही सबब चालत नाही; विनापरवाना जागेत मद्यपान घडवून आणल्यास जागा देणाराही अडचणीत येतो. पॅरिश हॉल भाड्याने देणाऱ्या समित्यांनी हे ध्यानी ठेवावे. ध्वनिवर्धकाला पोलिसांची लेखी परवानगी लागते आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत तो उघड्यावर वाजवता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस शासन ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. तिकीट लावून ऑर्केस्ट्रा वा नाटक करायचे, तर सार्वजनिक करमणुकीचा परवाना वेगळा. एक दिलासाही आहे: लग्नात वाजवलेल्या गाण्यांसाठी कोणी स्वामित्वशुल्क मागत आले तर ते देण्याचे कारण नाही. विवाहविधी व त्याच्याशी निगडित समारंभ स्वामित्वहक्क कायद्याने वगळले आहेत आणि केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये तसा खुलासाही केला आहे.

परत गावाकडे येऊ. परवाना मिळून दुकान सुरू झाले, तरी ते बंद करण्याचा मार्ग २००८ च्या शासकीय आदेशाने दिला आहे. गावातील महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांनी सह्यांनिशी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवाना बंद होतो.

निम्म्याहून अधिक, पण कशाच्या? झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या. सारा तिढा या एका शब्दात आहे आणि आमच्या कोकणाला तो फार जड जातो. वरंध घाटाच्या परिसरातील तळीये घ्या. २२ जुलै २०२१ च्या दरडीत तेथील कोंढाळकरवाडी गाडली गेली, ऐंशीहून अधिक जीव गेले, तेव्हा या गावाचे नाव सर्वत्र पोहोचले. त्या बातम्यांतूनही जाणवले की या वाड्यांतील किती कुटुंबांचा एक पाय मुंबई-पुण्यात असतो. माणसे चाकरीला शहरात, नावे गावच्या यादीत. समजा, अशा एखाद्या गावात सहाशे महिला मतदार आहेत आणि दोनशे जणी बाहेरगावी आहेत. अर्जासाठी दीडशे सह्या मिळतील. पण दुकान बंद होण्यासाठी आडव्या बाटलीला किमान ३०१ मते हवीत, तीही हजर असलेल्या चारशे जणींमधून. म्हणजे चारजणींपैकी तीनहून अधिकांनी एकाच बाजूला यायला हवे. जी मुंबईहून आली नाही, तिने दारूला विरोध करूनही तिचे मत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडल्यासारखेच होते. दोनशे विरुद्ध पन्नास अशी मते पडूनही दुकान जसेच्या तसे राहू शकते. लोकशाहीत बहुमत म्हणतात ते हेच का, असा प्रश्न त्या दोनशे जणींना पडला तर तो गैर म्हणता येणार नाही.

दुसरी बाजूही आहे. परवानाधारकाने शुल्क भरलेले असते, त्याच्यावरही कुटुंबे अवलंबून असतात, आणि मूठभर लोकांच्या रोषाने कोणाचा व्यवसाय बुडू नये म्हणून अट कडक ठेवली, असा युक्तिवाद केला जातो. परवाना गेल्यावर हातभट्टी येते, हेही अनुभवाचे बोल आहेत. तिच्या बंदोबस्तासाठी २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ग्रामरक्षक दलांची तरतूद करण्यात आली. परंतु हातभट्टी येईल म्हणून दुकान असू द्यावे, हा युक्तिवाद ज्या घरात पगार संध्याकाळपर्यंत टिकत नाही तेथील माउलीला ऐकवून पाहावा.

म्हणून अर्ज करण्याआधी मतदार यादी हाती घ्यावी. मृतांची आणि दुबार नावे वगळून घ्यावीत, कारण यादीत राहिलेले प्रत्येक नाव निम्म्याचा आकडा वाढवते. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची नावे पुष्कळदा माहेरीच राहतात. ती नमुना ८ भरून नव्या पत्त्यावर नेता येतात. चाकरमानी बहिणींना वेळीच कळवावे. शिमगा, मे महिना वा गणपती यांच्या आसपास मतदान व्हावे अशी लेखी विनंती अर्जासोबत जोडण्यास काहीच हरकत नाही. सह्या करताना यादीतील अनुक्रमांक व नाव जसे छापले आहे तसेच लिहावे; पडताळणीच्या वेळी सही करणारीने स्वतः उपस्थित राहून 'सही माझीच' असे सांगण्याची तयारी ठेवावी, आणि दिलेल्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.