शाई अंधारात, बाटली उजेडात

फाउंटन पेनच्या शाईचा संग्रह काचेच्या कपाटात शोभून दिसतो खरा. पण ज्या उजेडात ती शोभते, तोच उजेड तिचा रंग हिरावून घेतो. संग्रह जपायचा की मिरवायचा, या पेचातून काढता येणारी वाट.

बॉलपेनने शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार केलेल्या शाईच्या पेनाला अलीकडच्या काळात पुन्हा चाहते लाभले आहेत. पेनामागोमाग शाईही घरी आली. पूर्वी घरात निळ्या वा काळ्या शाईची एखादी दौत असे आणि घरात शिक्षक असतील तर जोडीला लाल. आजच्या हौशी संग्राहकाकडे मात्र पन्नास-शंभर बाटल्या सहज आढळतात. कॅमल, ब्रिल, सुलेखा यांसारख्या देशी शायांच्या शेजारी पेलिकन, वॉटरमन, डायमाइन, पायलट अशा परदेशी बाटल्या दाटीवाटीने उभ्या असतात. १९३४ मध्ये स्वदेशीच्या भावनेतून सुरू झालेली आणि पुढे बंद पडलेली 'सुलेखा' २०२० मध्ये फाउंटन पेनची शाई घेऊन पुन्हा बाजारात आली, हेही या बदलत्या आवडीचेच लक्षण.

एवढ्या बाटल्या जमल्या की त्या मांडाव्यात, चार जणांना दाखवाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. मग खिडकीजवळचे काचेचे कपाट निवडले जाते. सकाळच्या उन्हात निळ्या-जांभळ्या बाटल्या लखलखतात. वर्ष-दोन वर्षांनी त्यातली एखादी उघडून लिहायला घ्यावे, तर गुलाबी शाई फिकी पडलेली, जांभळी करडी झालेली आणि निळ्या-काळीच्या तळाशी साका बसलेला! तेव्हा कपाट बदलून उपयोग नसतो. उडालेला रंग परत येत नाही.

रंग उडतो कशाने?

फाउंटन पेनच्या शाईचा मोठा भाग पाण्याचाच असतो. त्यात विरघळलेले रंगद्रव्य, शाईचा प्रवाह राखणारी द्रव्ये आणि बुरशीला अटकाव करणारे परिरक्षक एवढाच तिचा संसार. पेनाची जीभ अतिशय बारीक खाचांची असते. ती तुंबू नये म्हणून बहुतेक शायांत न विरघळणारी भुकटी टाळून पाण्यात पूर्ण विरघळणारे रंग वापरतात. हे रंग तेजस्वी असतात, पण प्रकाशापुढे दुबळे. प्रकाशातील ऊर्जा, विशेषतः अतिनील किरणांची, रंगाच्या रेणूंची मोडतोड करते. रेणू मोडला की त्याचा रंग संपतो.

यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की प्रकाशाने होणारी हानी साठत जाते. रोज तासभर मिळणारे कोवळे ऊनही वर्षभरात आपला हिशेब पुरा करते. म्हणूनच प्रकाशाने लवकर खराब होणाऱ्या वस्तू वस्तुसंग्रहालयांत सुमारे ५० लक्स इतक्या मंद उजेडात ठेवण्याचा प्रघात आहे. घरातील खिडकीपाशी दिवसा हजारो लक्स उजेड सहज असतो. एलईडी दिव्यात अतिनील किरण नगण्य आणि उष्णताही कमी, त्यामुळे जुन्या दिव्यांपेक्षा तो बरा. तरीही दृश्य प्रकाशही रंग उडवतोच. दिवा पाहुणे आल्यावर लावावा आणि ते गेल्यावर मालवावा, हे उत्तम.

याची खात्री घरच्या घरी करून घेता येते. एका कागदावर चार-पाच शायांचे पट्टे ओढावेत, अर्धा भाग काळ्या कागदाने झाकावा आणि तो कागद उन्हाच्या खिडकीला महिनाभर लावून ठेवावा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी पाहिला म्हणजे कोणती शाई किती तग धरते, ते वेगळे सांगावे लागत नाही.

हवा, ओल आणि बुरशी

उजेडानंतर येते ती हवा. झाकण घट्ट नसेल तर उन्हाळ्यात बाटलीतले पाणी उडते आणि शाई दाट होते. दाट शाई पेनात अडखळते. जुन्या बाटल्यांच्या झाकणात कागदी वा बुचाची चकती असे. ती सुकून आक्रसली की झाकण घट्ट दिसूनही वाफ बाहेर जात राहते. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक बाटलीतील शाईची उंची पट्टीने मोजून वहीत नोंदवावी. न वापरताही ती घटत असेल, तर दोष झाकणाचा. अशा वेळी नळजोडणीत वापरतात ती पांढरी टेफ्लॉनची टेप आट्यांवर दोन वेढे गुंडाळून झाकण लावावे. पाणी उडाल्याने नुकतीच दाट झालेली शाई ऊर्ध्वपातित पाण्याचे काही थेंब घालून पूर्वपदावर आणता येते. नळाचे पाणी मात्र घालू नये.

पारंपरिक निळ्या-काळ्या शाईला हवेचे आणखी एक भय असते. हिराकस आणि मायफळातील टॅनिन यांच्यापासून लोहयुक्त शाई बनविण्याची पद्धत शतकानुशतकांची. बाटलीत या शाईतील लोहक्षार विरघळलेल्या स्थितीत असतो. कागदावर उतरल्यावर हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि न विरघळणारा काळा पदार्थ तयार होऊन धाग्यांना चिकटतो. अक्षर पाण्याने पुसले जात नाही ते यामुळे. ब्रिटनमध्ये जन्म, मृत्यू आणि विवाहाच्या नोंदींसाठी अशी शाई दीर्घकाळ वापरली गेली. पण जे कागदावर व्हावे ते बाटलीत झाले तर शाई वाया जाते. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा. म्हणून लोहयुक्त शाई निम्म्यावर आली की ती लहान, स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवावी. आज निळी-काळी म्हणून विकली जाणारी प्रत्येक शाई लोहयुक्त नसते, हे मात्र लक्षात घ्यावे.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, तिसरा शत्रू अवतरतो तो बुरशीचा. तिचे बीज बहुधा पेनाबरोबरच आत जाते. वापरातले पेन थेट बाटलीत बुडवायचे, उरलेली शाई परत ओतायची, झाकण तासभर उघडे ठेवायचे, या सवयी तिला आमंत्रण देतात. त्याऐवजी लागेल तेवढी शाई स्वच्छ ड्रॉपरने किंवा सिरिंजने छोट्या कुपीत काढावी, तीतून पेन भरावे आणि उरलेली शाई मूळ बाटलीत परत ओतू नये. दोन निरनिराळ्या शाया एकत्र करण्याचा मोहही टाळावा. एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी असेल, तर दोन्हींचा चोथा होऊ शकतो.

तळाशी काही दिसले म्हणजे बुरशीच, असे नव्हे. बाटली हलक्या हाताने फिरवावी. बारीक कण उठून पुन्हा तळाशी बसले तर तो साका. पृष्ठभागावर साय, तरंगणारे धागे किंवा बुळबुळीत गोळे दिसले आणि कुबट वास आला तर ती बुरशी. ती शाई वाचविण्याच्या भरीस न पडता फेकून द्यावी आणि ज्या पेनांत ती भरली होती ती धुऊन काढावीत. जुन्या शाईला येणारा औषधी, कार्बोलिक साबणासारखा वास मात्र कुजल्याचा नसतो. पूर्वी परिरक्षक म्हणून फिनॉल घालत, त्याचा तो वास. तो नासका समजून चांगली शाई मोरीत ओतली जाते.

मांडणी कशी असावी?

या पेचाचे उत्तर संग्रहाचे तीन भाग करण्यात आहे: शाई, बाटली आणि रंग. तिन्ही एकाच जागी असलेच पाहिजेत असे नाही.

भरलेल्या बाटल्या शक्यतो मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यातच, दार असलेल्या लाकडी वा लोखंडी कपाटात ठेवाव्यात. जागा घरातील आतल्या भिंतीची निवडावी. ओल धरणारी बाहेरची भिंत, स्वयंपाकघर आणि फ्रीजचा माथा टाळावा. बाटल्या नेहमी उभ्या, एका ओळीत आणि खाली कडा असलेला प्लॅस्टिकचा ट्रे घालून ठेवाव्यात. एखादी पाझरली तर डाग ट्रेपुरताच राहतो. भरलेल्या बाटल्यांखालच्या कप्प्यात पुस्तके किंवा कागदपत्रे कधीही ठेवू नयेत. वजनाचा अंदाजही आधी घ्यावा. पन्नास मिलिलिटरची काचेची भरलेली बाटली साधारण दीड-दोनशे ग्रॅम भरते. म्हणजे शंभर बाटल्यांचे पंधरा-वीस किलो झाले. भिंतीवरच्या नाजूक काचेच्या फळीला हा भार पेलत नाही.

दर्शनी कपाटात मांडाव्यात त्या रिकाम्या बाटल्या आणि रिकामी खोकी. शाई संपली म्हणून बाटलीचे सौंदर्य संपत नाही. लामीच्या बाटलीच्या तळाशी टीपकागदाची गुंडाळी असते, एर्बांच्या बाटलीला पेन टेकविण्यासाठी खाच असते, पायलटच्या इरोशिझुकू मालिकेतील जाड काचेच्या तळाला शेवटचा थेंब गोळा व्हावा म्हणून खळगा असतो, तर शेफरच्या जुन्या बाटलीत तोंडाशी शाईची वेगळी वाटी असे. ही कारागिरी रिकाम्या बाटलीतच नीट दिसते. चैत्रगौरीच्या आराशीसारख्या दोन-तीन पायऱ्या केल्या तर मागच्या बाटल्या झाकल्या जात नाहीत. फळीच्या पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी लावली म्हणजे धक्क्याने बाटली खाली येत नाही.

राहिला रंग. त्यासाठी प्रत्येक शाईचे एक पत्र करावे. जाडसर कागदाच्या तुकड्यावर कापसाच्या काडीने एक पट्टा, निबेने लिहिलेली एक ओळ, शाईचे नाव आणि तारीख. ही पत्रे अल्बममध्ये लावून ठेवली की पाहुण्यांपुढे कपाट उघडण्याऐवजी अल्बम ठेवता येतो. वर्षभराने नवे पत्र करून जुन्याशी ताडून पाहिले म्हणजे बाटलीत काही बदल होत असेल तर तोही पकडता येतो.

लेबल काय सांगते?

बाटली स्वच्छ करताना लेबल ओल्या फडक्याने पुसणे, ही संग्राहकाच्या हातून होणारी सर्वांत महागडी चूक. काच पुन्हा चमकते. कागद पुन्हा येत नाही. लेबल कोरड्या मऊ ब्रशने झटकावे आणि रिकाम्या बाटलीत ड्रॉपरने पाणी घालून ती आतून विसळावी. लेबलाच्या खळीला कसर लागते, म्हणून पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात.

हे लेबल इतके जपायचे, कारण बाटलीचा जन्मकाळ बहुधा तेच सांगते. किंमत आण्यांत असेल तर ती बाटली दशमान नाणी येण्यापूर्वीची, म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या आधीची असण्याचा संभव मोठा. 'नये पैसे' असतील तर त्यानंतरच्या थोड्याच वर्षांतली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोडची पद्धत त्या दिवशी सुरू झाली. देशी बाटलीवर माप औंसांत असेल तर ती मेट्रिक मापे रुळण्याआधीची असू शकते. कॅमलिनच्या नावाला 'कोकुयो' जोडलेले असेल तर ती बाटली २०११ पूर्वीची नव्हे. छापून ठेवलेली लेबले संपेपर्यंत वापरली जात, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. दोन-तीन खुणा जुळल्या तर मात्र अंदाज सहसा चुकत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या लेबलांत एका उद्योगाचा इतिहास दडला आहे. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत गिरगावात 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली. पाण्यात गोळी विरघळवून दौत भरण्याचे ते दिवस. पुढे फाउंटन पेनसाठी 'कॅमल' शाई आली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची बोटे तिने निळी केली. अशा रोजच्या वापराच्या वस्तू कोणी मुद्दाम जपत नाही. शाई संपली की बाटली भंगारात, खोके केरात. त्यामुळे माळ्यावर वा टेबलाच्या खणात उरलेली एखादी दौतच त्या काळाचा पुरावा ठरते.

जुनी दौत उघडावी का?

आजोबांच्या खणात सापडलेली बाटली हाती आली की पहिली ऊर्मी ती उघडून लिहिण्याची असते. येथे थोडे थांबावे. बाटली सीलबंद असेल तर प्रथम तिचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे, लेबलवरील मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवावा आणि मग ठरवावे. तशीच दुसरी बाटली जवळ नसेल तर सील न तोडणेच इष्ट.

बाटली आधीच उघडलेली असेल आणि झाकण वाळलेल्या शाईने घट्ट बसले असेल, तर पक्कड लावू नये. जुनी बॅकेलाइटची झाकणे तडकतात. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याची पट्टी फक्त झाकणाभोवती काही मिनिटे गुंडाळावी आणि लेबलला पाणी न लावता हाताने फिरवून पाहावे. आतली शाई चांगल्या पेनात एकदम भरू नये. आधी टाकाने कागदावर चार ओळी लिहाव्यात. रंग, प्रवाह आणि वास ठीक वाटला तरी प्रयोगासाठी साधे, सहज उघडून धुता येणारे पेनच वापरावे.

अखेरीस, शाई ही वापरण्यासाठीच असते. कितीही अंधारात ठेवली तरी ती अनंतकाळ टिकत नाही. एकाच रंगाच्या पाच बाटल्या राखून ठेवण्यापेक्षा त्यातल्या चारांनी पत्रे लिहावीत, एक जपावी आणि रिकाम्या झालेल्या चारांपैकी सर्वांत देखणी कपाटात मांडावी. तिच्यातली शाई तोवर कुणाच्या तरी घरी, पत्रांच्या पाकिटात, अंधारात सुखरूप असेल.