घराखालची चिकणमाती

पेण येथील गणपतींच्या कारखान्यांत शाडूची ओली मूर्ति एकदम उन्हांत ठेवीत नाहींत. एक बाजू आधीं सुकली, कीं ती आकसते आणि मूर्तीस तडा जातो. आमच्या घरांखालच्या मातीचेंही असेंच आहे.

भोगावती व कुंडलिका या नद्यांच्या खाडीकांठीं, पेण-रोह्याकडील खारेपाटांत, जमीन मुख्यतः बारीक चिकणमातीची. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते; उन्हाळ्यांत तीस भेगा पडतात. सबंध घर सारखेंच वर-खालीं झालें, तर फारसें बिघडत नाहीं. परंतु एका कोपऱ्यांत मोरीचें पाणी मुरतें, दुसरीकडे भिंतीलगतचें झाड ओल शोषून घेतें. मग पाया एकीकडे उचलतो, दुसरीकडे खचतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकस तडा निघतो.

देशावरच्या काळ्या जमिनींत ही हालचाल सुमारें ३.५ मीटर खोलीपर्यंत पोंचते. म्हणून तेथें नव्या घरांस तळाशीं फुगीर असे काँक्रीटचे खांब घालतात. जुन्या घरास मात्र पाण्याची व्यवस्था हाच पहिला उपाय होय.

गिलावा करून तडा झांकूं नये. त्यावर सिमेंटनें कांचेची पातळ पट्टी बसवून जवळ तारीख लिहावी. ती वर्षभर अभंग राहिली, तर तडा जुना. फुटली, तर जाणत्या इंजिनीयरास बोलवावें. तोंवर मोरीचें व पागोळ्यांचें पाणी पक्क्या गटारानें दूर न्यावें. जुनें झाड मात्र एकाएकीं तोडूं नये. सुकलेली माती पुन्हां फुगून तडा वाढतो.

वडिलार्जित वास्तूचें रक्षण माजघरांत बसून होत नाहीं. त्यासाठीं अधूनमधून मोरीमागें जाऊन पाहिलें पाहिजे.