‘वेतन’ म्हणजे नेमके किती?

अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांत कामगार दोन प्रकारचे: कायम आणि हंगामी. गाळप थांबले की हंगामी कामगाराला रिटेन्शन भत्ता द्यावयाचा असतो. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे, जादा कामाचा दुप्पट दर यांचा मेळ हिशेबनिसाने घालावयाचा.

आजवर पंचाईत अशी होती, की ‘वेतन’ या शब्दाचा अर्थ कायद्यागणिक बदलत असे. घरभाडे भत्ता १९४८ च्या किमान वेतन कायद्यात वेतनात धरला जाई. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यात तो वगळला जाई.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी एकच व्याख्या आणली. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर जादा रक्कम वेतनात मिळवायची. समजा, एकूण मोबदला २०,००० रुपये आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ८,०००. आता वेतन १०,००० धरले जाईल. बारा टक्क्यांनी निधीची कपात ९६० वरून १,२०० होईल. मालकालाही तेवढीच भर घालावी लागेल.

म्हातारपणची पुंजी वाढली हे खरे. पण हाती येणारा पगार २४० रुपयांनी घटला, एवढेच कामगाराला दिसते आणि रोष हिशेबनिसावर येतो. वेतनचिठ्ठी देणे संहितेने बंधनकारक केलेच आहे. ती मराठीत, प्रत्येक कपातीच्या कारणासह दिली, तरच सुधारणेचा हेतू कामगाराच्या घरापर्यंत पोहोचेल. लहान कारखानदाराला तसा नमुना पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे.