न्यूटनच्या गणितात ध्वनी मागे का पडला?

आयझॅक न्यूटनने हवेतला ध्वनीचा वेग कागदावर गणित मांडून काढला. १७१३ साली ‘प्रिन्सिपिया’ची दुसरी आवृत्ती आली, तीत त्याचे उत्तर सेकंदाला ९७९ फूट होते. प्रत्यक्ष मोजलेला वेग होता ११४२ फूट, म्हणजे जवळजवळ एक षष्ठांशाने जास्त. न्यूटनने हवेच्या कणांची जाडी आणि हवेतली वाफ पुढे करून ही तफावत भरून काढायचा प्रयत्न केला. त्याच्या एवढ्या थोर ग्रंथातला हा भाग मात्र आजही ओढूनताणून जुळवल्यासारखा वाटतो.

खरी अडचण होती न्यूटनने निवडलेल्या वक्ररेषेत, म्हणजे हवेचे आकारमान आणि दाब यांचे नाते दाखवणाऱ्या रेषेत. ती रेषा बॉइलच्या प्रयोगातून आली होती. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली एका टोकाला बंद असलेल्या वाकड्या काचनळीत पारा ओतत हवा दाबत नेली आणि आकडे छापले. हवेने ४८ भाग जागा व्यापली होती तेव्हा दाब २९ इंच पाऱ्याहून किंचित जास्त होता. २४ भागांत तो ५९ इंचांजवळ गेला आणि १२ भागांत एकशे साडेसतरा इंचांवर. प्रत्येक जोडीचा गुणाकार करून पाहा, जवळपास तेवढाच येतो. आडव्या अक्षावर आकारमान आणि उभ्या अक्षावर दाब घेतला, की दोन्ही अक्षांच्या जवळ जाणारी, पण त्यांना कधीच न टेकणारी रेषा मिळते.

ही रेषा एकाच तापमानाची असते, म्हणून ती समतापी. तापमान वाढले की तिच्या वर दुसरी रेषा काढावी लागते. वायू दाबताना आपण जे कार्य करतो त्याने तो तापतो. सायकलचा पंप भराभर मारला की त्याचे बूड हाताला गरम लागते ते यामुळेच. समतापी रेषेवरच राहायचे तर ही उष्णता नळीच्या काचेतून बाहेर पडायला उसंत द्यावी लागते. बॉइलच्या सावकाश प्रयोगात ती मिळाली.

ध्वनीचा वेग हवेच्या ताठरपणावर ठरतो: थोडेसे दाबल्यावर दाब किती वाढतो, म्हणजेच त्या बिंदूपाशी रेषेचा उतार किती. न्यूटनने उतार बॉइलच्या रेषेवरून घेतला. ध्वनिलहरीत दबलेली हवा मात्र तापते आणि ती उष्णता तिथेच अडकते, त्यामुळे दाब आणखी चढतो. हे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने ओळखले आणि १८१६ साली दुरुस्ती प्रसिद्ध केली. उष्णता बाहेर न पडता हवा दाबली, तर त्याच बिंदूतून जाणारी वेगळी रेषा मिळते; ती हवेसाठी बॉइलच्या रेषेपेक्षा १.४ पट तीव्र उताराची असते. वेग उताराच्या वर्गमुळानुसार वाढतो, म्हणून शून्य अंश सेल्सिअसला न्यूटनच्या रीतीने येणारे सेकंदाला २८० मीटर थेट ३३१ वर जातात. मला हा विज्ञानातला अतिशय देखणा हिशेब वाटतो.

कंपने इतकी जलद असतात की उष्णतेला वेळच मिळत नाही, असे सहसा सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. सेकंदाला ४४० कंपनांच्या स्वरात दबलेल्या आणि विरळ झालेल्या थरांत सुमारे ३९ सेंटिमीटर अंतर असते. अर्ध्या कंपनाच्या काळात उष्णता मिलिमीटरभरही झिरपत नाही. खर्जातल्या स्वराला वेळ जास्त मिळतो, पण त्याचे थरही तितकेच दूर असतात, आणि अंतर दुप्पट झाले की उष्णतेला झिरपायला चौपट वेळ लागतो. त्यामुळे मोकळ्या हवेत स्वर जितका खालचा, तितका तो लाप्लासच्या रेषेला अधिक चिकटून असतो.