द्राक्षावरील भुरी : सौद्यापूर्वी घड उलटून पाहा

जुन्नर-आंबेगाव भागात द्राक्षाचा सौदा बहुधा वेलीवरचा माल पाहून ठरतो. व्यापारी आकार, रंग, गोडी पाहतो. भुरी मात्र नजरेतून सुटते.

भुरी ही परजीवी बुरशी. मसाल्यातील दगडफुलातही बुरशी असते, पण ती शेवाळाला आसरा देऊन त्याच्याकडून अन्न घेते. भुरी नुसतेच घेते. ती पानावर पसरते आणि पेशींत बारीक शोषके घुसवून अन्नरस ओढते. केवड्याला ओले पान लागते; भुरीला कोरडी, ढगाळ हवाही पुरते.

कोवळ्या मण्यावर भुरी आली की साल निबर होते. पुढे मणी फुगताना ती तडकते व सड शिरते. रोग आधी लागतो, तोटा काही आठवड्यांनी दिसतो.

म्हणून बागायतदाराने मणी लहान असतानाच गंधक फवारावे. कडक उन्हात फवारू नये, पाने करपतात. खरेदीदाराने दाट सावलीतले घड उलटून पाहावेत. राखेसारखी पूड दिसल्यास भाव त्या हिशेबानेच बोलावा. निर्यातीच्या मालात औषधांचा अंश तपासला जातो, तेव्हा फवारणीची नोंदवही अवश्य मागावी. शंका असल्यास नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र किंवा मांजरीचे, १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांचा सल्ला घ्यावा.