बेस गिटारचा म्यूट जुळवताना

बेस गिटारच्या ब्रिजजवळ फोमची पट्टी, म्हणजेच म्यूट, तारांना खालून टेकवली, की लांबत जाणारा धातूचा झणकार जातो आणि आखूड, गोल, लाकडी ठोका उरतो. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सन १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसवर वाजवत असे, तो सूर असाच होता. तारा जाड आणि गुळगुळीत वेटोळ्यांच्या, ब्रिजवरच्या झाकणाखाली फोम. असा सूर पुढच्या ठोक्याआधीच विरतो आणि ड्रमला जागा मोकळी मिळते. पण नुसता फोम कोंबून हे साधत नाही. चारही तारा सारख्याच वेळात विरायला हव्यात, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

आधी हे घडतं कसं ते पाहू. रिकनबॅकर ४००३ या बेसवर नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी सव्वातेहतीस इंच, म्हणजे सुमारे ८४.५ सेंटिमीटर असते. मूळ स्वरात तार मध्यावर सर्वांत जास्त हलते आणि ब्रिजपाशी जवळजवळ स्थिर असते. ब्रिजपासून २ सेंटिमीटरवर तिची हालचाल मध्यावरच्या हालचालीच्या जेमतेम साडेसात टक्के भरते. दहापट कंप्रतेचा उपस्वर मात्र त्याच जागी आपल्या कमाल हालचालीच्या दोन तृतीयांशांहून थोडा जास्तच हलतो. जो हलतो त्याचीच ऊर्जा फोम खातो, म्हणून चमक आधी मरते आणि खर्ज तगून राहतो. फोम ब्रिजपासून जसजसा दूर सरकेल तसा खर्जही त्याच्या तावडीत येतो, आणि मग सूर न उरता नुसता ठोकाच ऐकू येतो.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावतात, तिथे उपस्वर फुलवायचे असतात. इथे ते मिटवायचे असतात. हेतू उलटा असला, तरी केसभर मागेपुढे करून नेमकी जागा कानानेच शोधायची, हे दोन्हीकडे सारखं.

रिकनबॅकरच्या पारंपरिक रचनेत म्यूट ब्रिजमध्येच बसवलेला असतो. तारांखाली एका धातूच्या पट्टीवर फोम, आणि ती वरखाली करायला दोन बाजूंना हाताने फिरवायचे दोन स्क्रू. दोन्ही सारखे फिरवले तर पट्टी सरळ वर येते, एकच फिरवला तर तिरकी होते. पण या बेसच्या तारा एका पातळीत नसतात. फिंगरबोर्डला दहा इंच त्रिज्येचा बाक असतो आणि ब्रिजवर तारा तशाच कमानीत बसतात. त्यामुळे सपाट फोम वर चढवला की कडेच्या ई आणि जी तारांना तो आधी भिडतो, तर मधल्या ए आणि डी मोकळ्याच झणकारत राहतात. दोन स्क्रूंनी उतार देता येतो, कमान नाही. म्हणून कमान फोममध्येच कापावी लागते.

त्यासाठी तारा सैल करून जुना फोम काढा. तो कडक किंवा भुसभुशीत झाला असेल तर बदलणं भागच आहे. दाबल्यावर हवा सोडणारा मऊ स्पंज सौम्य काम करतो. योगा मॅटसारखा घट्ट फोम सूर फार लवकर मारतो. मी स्पंजच घ्यायला सांगेन. तो दुहेरी चिकटपट्टीने बसवा, गोंद नको, कारण पुन्हा काढावा लागणारच आहे. तारा सुरात आणा, म्यूट ई आणि जी तारांना जेमतेम टेकेपर्यंत चढवा आणि ए व डी खाली किती फट उरते ते बाजूने पाहा. ती एका मिलिमीटरहून किंचित जास्त असते. तेवढाच फरक ठेवून धारदार कटरने कडांचा फोम थोडा थोडा उतरवा. एकदम जास्त कापला तर पुन्हा जोडता येत नाही.

आता स्क्रूंचं खरं काम सुरू होतं. ई तार जड असल्याने तिला जास्त दाब लागतो आणि हलकी जी तार थोड्या स्पर्शानेही गप्प होते. तेव्हा ई कडची बाजू किंचित उंच ठेवा. एकेक तार छेडून सूर किती टिकतो ते ऐका. तीच तार बाराव्या पडद्यावर दाबूनही ऐका. तिथे वाजणारी लांबी निम्मी होते, फोम तुलनेने दुप्पट दूर पडतो आणि सूर आणखी आखूड होतो. मोकळ्या तारेवर सुरेख वाटणारी जुळणी वर गेल्यावर निर्जीव वाटली, तर म्यूट जरा खाली घ्या.

हाच प्रश्न इतरांनी वेगळ्या वाटेने सोडवला. १९६० च्या फेंडर जॅझ बेसवर प्रत्येक तारेसाठी स्प्रिंगच्या पट्टीवर स्वतंत्र फेल्ट होतं, पण काही वर्षांतच ते काढून झाकणाखाली साधा फोम आला. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेच्या ब्रिजवर चार तारांना चार म्यूट, प्रत्येकाला आपला स्क्रू. माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना हीच.

शेवटी ट्यूनर लावा. म्यूट जास्त चढला असेल तर तो तारेला वर ढकलून ताणतो आणि सूर किंचित चढतो. म्हणून म्यूट लावल्यावर तारा पुन्हा सुरात आणा, बारावा पडदा तपासा, आणि म्यूट उतरवल्यावर हेच परत करा.