मागच्या बाकावरची आत्या: चर्च, दिव्यांग आणि केडगावची गोष्ट

(या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'बरं का' गाळलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी!

'मंडळी' हा शब्द मी दर भागात सवयीने म्हणतो, आज मुद्दाम म्हणतोय. मराठी ख्रिस्ती घरांत मंडळी म्हणजे नुसते जमलेले लोक नव्हेत, मंडळी म्हणजे चर्च. इमारत नाही, माणसं. आजचा प्रश्न साधा आहे: या मंडळीत दिव्यांग माणूस कुठे बसतो? आणि तो नुसता बसतो, की काही करतोसुद्धा?

तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी थांबा. पायऱ्या मंदिरालाही असतात, दर्ग्यालाही असतात.

सुरुवात घरापासून करतो. माझ्या आत्याला लहानपणी पोलिओ झाला. ती कुबड्यांवर चालते. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची छोटी मंडळी जमते, तिथे ती दर रविवारी येते. दाराला दोन पायऱ्या, आणि आत वेदीपाशी अजून एक. म्हणून तिची जागा ठरलेली, दाराजवळचा मागचा बाक. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे पुढे जातात, पाळकांच्या हातून भाकर आणि द्राक्षारस घेतात. आत्याकडे ते सगळ्यात शेवटी, सगळ्यांचं झाल्यावर आणून देतात. कुणी वाईट वागत नाही हं. उलट सगळे तिची फार काळजी घेतात.

एकदा मी तिला म्हटलं, "आत्या, त्या पायरीचं काहीतरी करायला सांगू का पाळकांना?" ती हसली. म्हणाली, "पायरीचं काय घेऊन बसलास रे. माझ्यासाठी प्रार्थना सगळे करतात. मला प्रार्थना करायला कुणी सांगत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. सेवा करणं आणि सामावून घेणं यातला फरक तिने मला दोन ओळींत सांगितला होता.

आता थोडं इतिहासात जाऊ

लातूर-मुंबई एक्स्प्रेसने आपण धाराशिवहून पुण्याला निघालो, की दौंड गेल्यावर थोड्या वेळाने केडगाव स्टेशन लागतं. तोवर डब्यातले सगळे गाढ झोपलेले असतात. याच केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

रमाबाई आपल्याला शाळेत भेटतात त्या संस्कृतच्या पंडिता आणि विधवांसाठी झटणाऱ्या सुधारक म्हणून. एक गोष्ट मात्र पुस्तकात सहसा येत नाही. रमाबाईंना ऐकू कमी यायचं. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या ते डॉक्टर व्हायचं मनात धरून. बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे मराठी ख्रिस्ती इतिहासातलं बहुधा सगळ्यात मोठं नाव हे आजच्या भाषेत एका दिव्यांग बाईचं आहे. हे आपण किती वेळा उपदेशात ऐकलंय?

पुढे १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली आणि बायका त्यांनी सोबत आणल्या, आणि केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती उभं राहिलं. १९०० पर्यंत तिथे सुमारे दीड हजार जणी राहत होत्या. त्यात अंध मुलीही होत्या.

रमाबाईंची मुलगी मनोरमा अमेरिकेत शिकायला गेली होती. तिथे ती ब्रेल शिकली आणि परत येऊन या मुलींना तिने ब्रेल शिकवली. सगळ्या भारतीय भाषांसाठी मिळून एक भारती ब्रेल ठरली ती १९५१ च्या सुमारास. हे काम त्याच्या पन्नास वर्षं आधीचं आहे. त्याच काळात, १९०० साली, मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. दादरची अंध मुलींची शाळा ती हीच.

ब्रेल शिकवण्याचा अर्थ काय होता बघा. अंध मुलीला शास्त्र वाचून दाखवता येतंच की. पण मग ती कायम ऐकणारीच राहते. ब्रेल आली की ती स्वतः वाचते, आणि दुसऱ्याला वाचून दाखवू शकते. आत्या जे म्हणत होती तेच हे.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम म्हणजे बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर. थेट हिब्रू आणि ग्रीकवरून. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पुस्तक १९२४ ला आलं. हेतू हा की नुकतं वाचायला शिकलेल्या बाईलाही ते कळावं. ज्यांना समजायला वेळ लागतो, बौद्धिक अपंगत्व आहे, त्यांच्यासाठी सोपी भाषा हाच रॅम्प असतो.

पण एक अडचण

केडगावला अंध मुलींचं घर वेगळं होतं, त्याचं नाव बार्तीमी सदन. त्या काळात ते गरजेचंच होतं. पुढे मिरजेला, अमरावती जिल्ह्यात कोठाऱ्याला मिशनची कुष्ठरोग रुग्णालयं झाली. फार मोठी कामं आहेत ही. पण मला वाटतं, त्यातून गावोगावच्या मंडळ्यांना एक सवय लागली: "अशा लोकांसाठी संस्था आहे ना!" दिव्यांग माणूस म्हणजे संस्थेत राहणारा, आपण वर्षातून एकदा नाताळाला फळं आणि ब्लँकेट घेऊन भेटायला जायचं तो. आपल्याच मागच्या बाकावर तो बसलाय, हे दिसेनासं झालं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. तेव्हा कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्याने ते २१ केले. ऑटिझम आला, थॅलेसेमिया आला, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेले लोक आले. म्हणजे "आमच्या चर्चमध्ये कुणीच दिव्यांग नाही" असं कुणी म्हणालं, तर बहुतेक वेळा ते घरी बसलेत असाच अर्थ होतो.

बार्तीमय कोण होता?

ज्याच्यावरून त्या सदनाचं नाव पडलं, तो यरीहोच्या रस्त्यावर भीक मागणारा अंध माणूस. मार्काच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात त्याची गोष्ट आहे. तो येशूला मोठ्याने हाका मारतो, आणि गर्दी त्याला गप्प बसायला सांगते. लक्षात घ्या, त्याला अडवणारे लोक येशूच्या मागे चालणारेच होते. मग येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावं? समोरचा अंध आहे हे दिसत असताना विचारतो.

आपण विचारत नाही. कुणी व्हीलचेअरवर दिसलं की थेट डोक्यावर हात ठेवून बरं होण्याची प्रार्थना सुरू करतो. बरं नाही झालं तर कुजबुज, "विश्वास कमी पडला असेल." किंवा "घरात काहीतरी पाप असेल." योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी हाच प्रश्न विचारलाय आणि येशूने तो सरळ नाकारलाय. तरी आपल्याकडे तो दर रविवारी जिवंत असतो, आणि त्यामुळे कितीतरी जण चर्चला यायचं बंद करतात. प्रार्थना करू नका असं मी म्हणत नाही. आधी विचारा, एवढंच.

मग करायचं काय?

आता माझ्यातला इंजिनिअर बोलणार आहे. तरुण संघातल्या पोरापोरींनो, हे तुमच्यासाठी.

एक, रॅम्प. उतार १:१२ धरा. म्हणजे पायऱ्यांची उंची ३० सेंमी असेल तर रॅम्प ३.६ मीटर लांब हवा. एक फळी टाकून भागत नाही, त्यावरून माणूस पडतो. आणि रॅम्प दारापर्यंतच नको, वेदीपर्यंत हवा.

दोन, गाण्यांचे फोटो. आपण रविवारची गाणी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून टाकतो. अंध माणसाच्या फोनमधलं टॉकबॅक फोटोतलं गाणं नीट वाचेल याचा भरवसा नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफही त्याला अगम्य अक्षरांसारखी ऐकू येते. युनिकोडमध्ये टाइप करून साधा मेसेज पाठवा, तो मराठीत नीट वाचला जातो. फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक चालू करा आणि डोळे मिटून तुमच्या ग्रुपवर पाच मिनिटं फिरून बघा. मी केलं, आणि मीच बनवलेल्या नाताळच्या पत्रिकेतलं मला काहीही कळलं नाही.

तीन, उपदेश. ज्यांना ऐकू येत नाही पण वाचता येतं, त्यांच्यासाठी अँड्रॉइडवर लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं फुकट अ‍ॅप आहे. मराठी बोलणं ते स्क्रीनवर लिहून दाखवतं. फोन पाळकांच्या जवळ ठेवा, नाहीतर पंख्याचा आवाजच जास्त पकडतं. चुका होतात, पण काहीच न कळण्यापेक्षा बरं. सांकेतिक भाषेची जागा मात्र ते घेऊ शकत नाही.

चार, आणि हे सगळ्यात स्वस्त आहे: काम द्या. वचन वाचायला सांगा, संडे स्कूलचा वर्ग द्या, हिशेब द्या, कमिटीत घ्या. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, बाराव्या अध्यायात, शरीराचं उदाहरण आहे. जे अवयव दुबळे वाटतात ते गरजेचे आहेत, असं तो म्हणतो. त्यांच्यावर दया करा, असं म्हणत नाही.

आमच्याकडे काय झालं? रॅम्पचं अजून 'बघू' चाललंय, वर्गणी जमतेय. पण पाळकांशी बोलल्यावर एक गोष्ट लगेच झाली. त्यांनी आत्याला विचारलं. गेल्या महिन्यात मध्यस्थीची प्रार्थना तिने केली, मागच्या बाकावरूनच. माइक तिच्यापर्यंत नेला. आजारी लोकांची नावं घेतली, पावसासाठी मागितलं, बारावीच्या पोरांसाठी मागितलं. स्वतःच्या पायांबद्दल एक शब्द नाही. सगळी मंडळी मागे वळून उभी होती.

तुमच्या मंडळीत मागच्या बाकावर कोण बसतं? या रविवारी जाऊन विचारा, त्यांना काय करायला आवडेल. आणि काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!